पाळकांची पाटी

दवाखान्यात माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे पाळक होते. त्यांनी चाळीस वर्षं चर्चमध्ये उपदेश केला होता आणि आता गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला होता. बोलायचं असलं की ते शाळेच्या पाटीवर लिहीत. ती पाटी पाहून मला त्यांच्या देवाचाच राग यायचा.

एका सकाळी समोरच्या खाटेवरच्या तात्यांना ऑपरेशनसाठी न्यायला आले. तात्या लटलट कापत होते. पाळकांनी पाटीवर काहीतरी लिहून त्यांच्यापुढे धरलं.

"मला कुठं वाचता येतंय? अहो मास्तर, तुम्ही वाचा की!" तात्या मला म्हणाले.

मी काही देवाधर्मातला नाही. तरी वाचलं, "भिऊ नका, तात्या. येशू तुमच्या आधीच आत जाऊन उभा आहे."

"पुन्हा वाचा."

पुन्हा वाचलं. तिसऱ्या वेळी माझा आवाज आपोआप चढला आणि सगळा वॉर्ड ऐकू लागला. गळा एका माणसाचा असतो. सांगण्यासारखं काही असेल तर त्याला कुणाचाही गळा चालतो.

स्ट्रेचर दाराबाहेर गेलं. लांबून तात्यांचं ऐकू येत राहिलं, "आधीच आत उभा आहे! आधीच आत उभा आहे!"

पाळक शांतपणे पाटी पुसत होते. त्यांचा आवाज ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत पोचला होता.