पाहुण्यांपुढची परीक्षा

आमच्या गल्लीतल्या या प्राणिशास्त्राच्या निवृत्त मास्तरला सगळं बालाघाट ‘सर’ म्हणतं. तोंडावर मीही म्हणतो. त्याच्या आईला अल्झायमर आहे. घरी कुणी आलं, की चहाच्या आधी हा तिला विचारणार, “माय, सांग बरं, मी कोन?” ती गोंधळली, की याचं व्याख्यान सुरू. “मेंदूतल्या पेशी एक एन्झाइम मारते जी. त्याले अडवनारी दवाई येऊन राह्यली.” ती दवाई अजून उंदरांच्या पुढं गेलेली नाही, हे तो सांगत नाही. आईला आंघोळ सून घालते, हेही नाही.

परवा लालबर्र्याहून पाहुणे आले, तेव्हा मी तिथंच होतो. यानं विचारलं. माय लगेच म्हणाली, “माहा लहाना. जेवला का रे, बाबू?”

पाहुणे खूश झाले. याचा चेहरा मात्र वर्गात प्रयोग फसल्यासारखा पडला. “नीट पाह्य. कोन मी?” त्यानं चारदा विचारलं, दरवेळी आवाज चढवून. शेवटी म्हातारी भेदरली आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, मले घरी जाऊ द्या.”

मास्तर समाधानानं पाहुण्यांकडे वळला. “पाह्यलं? एन्झाइम.”