निवांत रस्त्याची मोजणी

ऑफिसात त्याला सगळे पायडल म्हणायचे. साहेबसुद्धा. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच पडून होतं. सव्वीस वर्षं त्यानं रस्ते खात्यात एकच काम केलं: सायकलवाल्यांसाठी निवांत रस्ते शोधायचे. गाड्या नाहीत, हॉर्न नाही, दोन्ही बाजूंना शेतं, आणि चढ असलाच तर दम न काढणारा. असा रस्ता सापडला की तो आधी सायकलवरून पिंजून काढायचा, मग एक अख्खा दिवस कडेला स्टुलावर बसून गाड्या मोजायचा. दरवर्षी खात्याची पुस्तिका निघायची. शहरातली माणसं ती घेऊन रविवारी बाहेर पडायची आणि संध्याकाळी ताजीतवानी होऊन घरी यायची.

पायडल मात्र कधी ताजातवाना झाला नाही. 'डावीकडे ओढा, उजवीकडे गव्हाची शेतं, चढ नावापुरता,' हे त्यानंच लिहिलेलं असायचं. पण सत्तावन्न वर्षांच्या गुडघ्यांना विचारा, नावापुरता चढ म्हणजे काय असतो ते! घरी आला की गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचा आणि बायकोनं काही विचारलं तर नुसता हुं करायचा. रविवारी कुणी 'चल, जरा फिरून येऊ' म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा. निवृत्तीला आठ महिने उरले होते. तेवढे एकदा निघाले की सायकल भंगारात घालायची, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं.

अशातच एक अर्ज आला. एका आडगावात रस्त्यालगतच्या चौदा घरांनी सह्या केल्या होत्या, की आमचा जुना रस्ता पुस्तिकेत घ्या. मोठा रस्ता पलीकडून झाल्यापासून बस बंद आहे, इकडे कुणी फिरकत नाही, सावली भरपूर आहे. अक्षर बघून पायडल चपापला. ते त्याच्या ताईचं होतं.

ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई गेल्यावर तिनंच त्याला न्हाऊमाखू घातलेलं, शाळेत सोडलेलं, आणि पहिली सायकल शिकवताना तीच मागून धरून धावलेली. भावोजी जाऊन तिला चार वर्षं झाली होती. मुलगा दूर. जुन्या रस्त्यालगतच्या घरात ती एकटीच होती. फोनवर ती विचारायची, "येतोयस ना रे?" आणि हा म्हणायचा, "येतो गं, एवढं काम हातावेगळं करतो आणि येतो." या येतोला दोन वर्षं झाली होती. देशभरच्या ओढ्यांची वळणं या माणसाला पाठ, आणि बहिणीचं घर तेवढं लांब पडायचं!

"बघा बुवा," टेबलापलीकडची कारकूनबाई म्हणाली, "खात्याच्या खर्चानं बहिणीकडे पाहुणचार. चैन आहे तुमची, पायडल."

चैन कसली? नियम कडक होता. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, चाळीस गाड्यांच्या आत मोजणी आली तर रस्ता निवांत. चाळीसच्या वर गेली तर बाद. आणि मोजणीची तारीख कुणालाही, अगदी कुणालाही सांगायची नाही. पायडलनं ती कधी बायकोलासुद्धा सांगितली नव्हती. पण ताईनं फोनवर इतक्या काकुळतीनं विचारलं, "अरे, जेवायला काय करू ते तरी कळू दे, कधी येतोयस?" की हा गडी पाघळला. बोलून गेला, "बुधवारी."

बुधवारी पहाटे चारला मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर ऑफिसच्या गाडीनं त्याला सोडलं. पुढचे अठरा किलोमीटर सायकल. रस्ता खरोखर सुरेख होता, त्यात वादच नाही. झाडं दोन्हीकडून वर येऊन एकमेकांत मिसळलेली, खाली पहाटेचा मऊ उजेड, शेतांमधून हलका उतार. ते सगळं पायडलनं टिपून घेतलं आणि त्याला काही म्हणजे काही वाटलं नाही. फक्त डावा गुडघा ठणकत होता.

ताई फाटकात उभीच होती. वाळली होती फार. "किती रे थकलास," असं तीच त्याला म्हणाली. सहाच्या आत त्यानं फाटकासमोर झाडाखाली स्टूल मांडलं, मोजणीचा तक्ता गुडघ्यावर घेतला आणि बसला.

नऊ वाजेपर्यंत दोन गाड्या. पायडलला बरं वाटलं. मग एक माणूस घामाघूम होऊन दुधाचे मोठाले कॅन हातगाडीवरून ढकलत आला.

"दुधाची गाडी नाही का येत इकडं?"

"आज नाही," माणूस म्हणाला आणि मान खाली घालून पुढं गेला.

साडेनऊला एक गृहस्थ मोटारसायकल हातानं ढकलत गेला. पेट्रोल संपलं असेल. दहाला दुसरा गेला, तोही ढकलत. सव्वादहाला तिसरा, मागं बायको पिशव्या घेऊन पायी. पायडलनं कपाळाला हात लावला. ढकलत नेलेली मोटारसायकल गाडीत धरायची की पादचाऱ्यात? सव्वीस वर्षांत हा प्रश्न कधी आलाच नव्हता.

चौथ्याला त्यानं अडवलंच. "अहो, गावातलं पेट्रोल काय चोरीला गेलंय का?"

तो बिचारा सरळ माणूस. धापा टाकत म्हणाला, "पेट्रोल भरपूर आहे हो. पण ताईंनी सांगितलंय, सहापर्यंत कुणी इंजिन चालू करायचं नाही. घरोघर जाऊन हात जोडून गेल्या. आता नाही कसं म्हणायचं?"

 तक्ता तसाच ठेवून पायडल तडक आत गेला. ताई भाजी निवडत बसली होती.

"ताई, काय केलंस हे?"

ती गडबडली नाही. "काय वाईट केलं? एक दिवस चालली माणसं पायी."

"माझी नोकरी जाईल अशानं!"

"आठ महिन्यांनी जाणारच आहे की."

त्याला हसू येणार होतं, पण संताप जास्त होता. "तुला कशाला हवाय गं हा रस्ता पुस्तिकेत? दुकान काढायचंय?"

ताईनं भाजी बाजूला सारली. "गाडीतला माणूस काचा लावून जातो. वर बघत नाही की खाली बघत नाही. सायकलवाला थांबतो. मागं एक मुलगी आली होती चुकून, चेन निसटली तिची. पाणी मागितलं, अर्धा तास इथं पायरीवर बसली. जाताना माझं नाव विचारलंन. मी काकू आहे, ताई आहे, आजी आहे, पण नाव माझं कुणी विचारलं नव्हतं कित्येक दिवसांत. सांगताना मलाच चुकल्यासारखं झालं. अजून चारजण थांबले असते अधूनमधून, तर तुझ्या खात्याचं काय जाणार होतं?"

 पायडल बाहेर येऊन परत स्टुलावर बसला. सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. दिवसअखेर फार तर अकरा गाड्या भरतील, रस्ता निवांत. कोण तपासायला येतंय! आणि ताईनं उभ्या जन्मात त्याच्याकडं मागितलं तरी काय होतं?

पण नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यानं एका रस्त्याची मोजणी नेमकी खाणीच्या सुट्टीच्या दिवशी केली होती. पुस्तिका वाचून एक बाप आपल्या मुलीला घेऊन तिकडं गेला आणि वळणावर दगडांनी भरलेला ट्रक समोर आला. मुलगी वाचली, हात मोडला. बापानं ऑफिसात येऊन आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तो एवढंच म्हणाला, "तुम्ही लिहिलं होतं म्हणून गेलो." इथंही ओढ्याच्या पुलापाशी तसंच आंधळं वळण होतं. दुधाची गाडी तिथून रोज सुसाट जाणार, ट्रॅक्टर जाणार. आणि पायडलवर विश्वास ठेवून कुणीतरी आपलं पोर घेऊन त्याच वळणावर येणार.

त्यानं संध्याकाळपर्यंत काही लिहिलं नाही. दुपारी ताईनं वाढलं, तो जेवून परत स्टुलावर बसला. सहा वाजले आणि रस्ताभर इंजिनं एकदम सुरू झाली. अडकून पडलेलं सगळं गाव बाहेर पडलं. दुधाची गाडी, ट्रॅक्टर, मोटारसायकली. जाताना काहींनी त्याला हसून हातही केले, कामगिरी फत्ते केल्यासारखे. सवयीनं तो मोजत राहिला. अर्ध्या तासात त्रेपन्न.

त्यानं तक्त्यावर लिहिलं: मोजणी रद्द. कारणाच्या रकान्यात लिहिलं: तारीख मोजणाऱ्याकडून फुटली. खाली सही केली आणि फाटकापाशी उभ्या असलेल्या ताईला वाचून दाखवलं.

तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, रडली नाही. तसं काही केलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

"म्हणजे परत मोजायला यावं लागणार?" तिनं विचारलं.

"हो. महिनाभरात."

तिचा चेहरा एकदम उजळला. "मग तेव्हा दोन दिवस राहायलाच ये. तारीख नको सांगूस, मी विचारणार नाही. कधीही ये."

पायडलला तेव्हा कुठं लख्ख कळलं, की ती पायरीवर कुणाची वाट बघत होती. सायकलवाले नंतरचे. 

"मला नाही पाठवणार, ताई," तो म्हणाला. "ज्याच्या हातून फुटली त्याला परत देत नाहीत. दुसरा माणूस येईल."

"अच्छा," ताई म्हणाली.

'मी माझा म्हणून येईन, रजा टाकून येईन,' एवढंच म्हणायचं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. पण अठरा किलोमीटर, मग फाटा, मग चार तासांचा प्रवास, आणि गुडघा, आणि बादली. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं आणि तेवढ्या एका क्षणाला तो गप्प राहिला. ताईनं तो क्षण बरोबर ओळखला. लहानपणापासून ओळखत होती ती त्याला.

तिनं फाटकाची कडी काढून त्याला सायकलसाठी वाट करून दिली. पदरानं सीटवरची धूळ पुसली.

"तो दुसरा माणूस," तिनं विचारलं, "चहा घेतो का रे?"

पायडलनं मान खाली घातली. इतकी लाज त्याला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"घेतो," तो म्हणाला.