भीड नको म्हणणारे यशवंतराव

यशवंतरावांची माझी ओळख दिवाळी अंकाच्या कचेरीत झाली. मी नवखा संपादक. त्यांच्या कथेचे पाकीट हातात घेत मी म्हणालो, "उत्तमच असणार." ते म्हणाले, "आधी वाचा की, पावणं."

पुढे त्यांची रीत कळली. कथा पुरी झाली की राजारामपुरीतल्या घरी, स्वयंपाकघरात बसून ते ती सुमनवहिनींना वाचून दाखवीत. वहिनी भाजी निवडत ऐकत. लक्ष उडाले की म्हणत, "हितं लांबलंय." तेवढे कापूनच कथा आमच्याकडे येई, आणि मुदतीच्या आत येई. माझे वडील वारले तेव्हा माझे संपादकीय यशवंतरावांनीच तपासले. सांत्वनाचे काही बोलले नाहीत. रडवी वाक्ये तेवढी खोडली.

गेल्या श्रावणात वहिनी गेल्या. मुदत उलटली, कथा आली नाही. सहकारी म्हणाले, "यंदा त्यांना मोकळं करा." मला ते पटत होते आणि भीतीही वाटत होती. यंदा सोडले तर ते पुन्हा लिहितील का? मागायचे तरी कोणत्या तोंडाने? शेवटी घरी गेलो.

कथा टेबलावर होती. "झाली की," ते म्हणाले. "लेकीला दाखवली, शेजाऱ्यांना दाखवली. सगळी छान म्हणत्यात."

"मग द्या."

"माणूस गेलेल्या घरात वाईट कोण बोलतंय? तुम्ही ऐका."

ते वाचू लागले. कौतुकाचे शब्द मीही तयार ठेवले होते. पण दवाखान्याच्या प्रसंगात माझे लक्ष सुटले. धीर करून म्हणालो, "इथं लांबलंय. कथेतली बाई बाजूला राहिली, वहिनीच आल्यात."

त्यांनी ती पाने पुन्हा चाळली. आपण नको ते बोललो काय?

"व्हय," ते म्हणाले. "मलाबी तसंच वाटत हुतं. कोण बोलंना." ती पाने त्यांनी काढली, घडी घालून खिशात ठेवली. "ही माझी. बाकीची तुमची. आता च्या घ्या. साखर किती घालत्यात ते मला ठाव न्हाय, चाखून सांगा."

कथा अंकात आली.

आज यशवंतराव पंचाहत्तरीत पाऊल ठेवीत आहेत. यंदाची कथा अजून आलेली नाही. मुदत जवळ आली आहे आणि फोन उचलताना मी कचरतो. तरी मी तो करणार आहे. त्यांना उदंड आयुष्य लाभो, डोळे आणि गुडघे साथ देवोत, आणि त्यांची दया येऊन आमच्यापैकी कुणीही त्यांच्याकडे कथा मागायचे थांबू नये.