आखातातल्या माणसांचे पत्ते

थोरला भाऊ आखातात टगबोटीवर कामाला होता. दर शुक्रवारी घरी त्याचा फोन यायचा. एकदा म्हणाला, कंपनी बदलतोय, नवा नंबर कळवतो. त्यानंतर फोन आलाच नाही. जुन्या कंपनीत लावला, तर तिथला माणूस "वो छोड के गया" एवढंच सांगून ठेवून द्यायचा.

मी तेव्हा रत्नागिरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होतो. आमच्या खाडीकाठच्या गावांतली निम्मी माणसं बाहेर, आणि कोण नेमका कुठे आहे ते घरच्यांनाही धड ठाऊक नसायचं. सगळ्यांचे पत्ते इंटरनेटवर एका जागी आले, तर भावाला पाहिलेला कोणीतरी सापडेल, असं माझ्या मनानं घेतलं. क्लासच्या सरांनी आपल्या भाड्याच्या सर्व्हरवर जागा दिली.

"करून बघ," ते म्हणाले. "पण फार आशा ठेवू नकोस."

ज्याची त्याला नोंद भरता येईल अशा पत्तेवहीचा प्रोग्राम नेटवर फुकट मिळाला. तो सर्व्हरवर चढवताना टेलिफोनची लाइन सारखी तुटायची. चढला तरी डेटाबेसचा पासवर्ड जुळेना आणि समोर नुसतं पांढरं पान यायचं. कितीतरी संध्याकाळी त्या पानापुढे बसून काढल्या. शेवटी ते चाललं. भावाचं नाव मराठीत टाकून पाहिलं, तर ओळभर प्रश्नचिन्हं उमटली. मग सगळं इंग्रजी अक्षरांत ठेवलं, आणि सगळ्यांत वर आमच्या घरचा नंबर टाकला.

ओळखीपाळखीच्यांना मेल केले. मस्कत, दोहा, कुवेत, हळूहळू नोंदी यायला लागल्या. घरी गेलो की आई मासळी साफ करता करता विचारायची, "आज कोण आलं?" मी गावं सांगायचो. गुहागरचा एक. दाभोळचे दोघं. ती मान हलवायची.

एक दिवस भावाचंच नाव आलं, आडनावासकट. खाली शारजाचा नंबर. घरच्या फोनवरून परदेशी लागत नसे, म्हणून मी आईला घेऊन बूथवर गेलो. पलीकडून "हां, बोला" ऐकू आल्याबरोबर तिनं माझ्या हातून रिसीव्हर घेतला. क्षणभर ऐकलं आणि परत माझ्याकडे दिला.

"हा आपला नाय," ती म्हणाली.

नाव तेच, पण माणूस दाभोळचा होता. मी सगळं सांगितलं, ते त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आईंना सांगा, मी बंदरावर विचारतो." त्यानं खरंच विचारलं. पुढे त्याचा मेल आला, कोणालाच काही माहीत नाही. त्यानंतर मी त्याला पाठवलेले मेल परत यायला लागले.

माणसांचे नंबर बदलत गेले, नवे कोणी भरेना. वहीत कुठल्या कुठल्या औषधांच्या जाहिराती येऊन पडायला लागल्या. मी त्या पुसत बसायचो. मग सरांनी क्लासच बंद केला आणि सर्व्हरही गेला.

आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे आता त्याला आपला नंबर दिसायचा नाय?"

"आपला नंबर त्याला पाठ आहे, आई."

बोलून गेल्यावर माझं मलाच कळलं मी काय बोललो ते. ती उठून आत गेली. भावाचं काय झालं ते आजवर कळलेलं नाही, आणि तिनंही नंतर मला कधी विचारलं नाही.