दिनकर सरांची गिटार आणि आमचे अभिप्राय

कारकुनीत असताना माझ्या टेबलावर फायली साठायच्या, पण त्यांचा कधीतरी निपटारा व्हायचा. दिंद्रुडच्या आमच्या साहित्य बैठकीचे किस्से मात्र साठतच चाललेत. हल्ली त्यातले बहुतेक दिनकर सरांचे.

बैठक दर रविवारी सकाळी वाचनालयात भरते. नियम दोनच. वाचणाऱ्याने कुणाला उलट उत्तर द्यायचं नाही. आणि शेवटचा अभिप्राय हजर असलेल्या सर्वांत वडील माणसाचा. तो मान बहुधा माझा. वयाखेरीज दुसरी पात्रता लागत नाही, म्हणून टिकून आहे.

सर आमच्यातले एकमेव छापून आलेले कथाकार. त्यांच्या एका कथेत पुतणीचं मोडलेलं लग्न होतं. नावं बदलली होती, पण गावात तसं मोडलेलं लग्न एकच होतं. कथेला बक्षीस मिळालं आणि मुलीचे वडील, म्हणजे सरांचे थोरले बंधू अण्णा, सरांशी बोलायचे बंद झाले. सरांनी कथा लिहिणं सोडलं.

मग एका रविवारी ते गिटार घेऊन आले. गाणं झालं. पहिला अभिप्राय किराणावाल्या बंडूशेठचा. "सर, ही वीणा आडवी कावून धरली?"

नियमाप्रमाणे सर गप्प.

चहाच्या वेळी मी विचारलं, कथेनं काय घोडं मारलं होतं? म्हणाले, "कथेत 'तो' म्हणून निसटता येतं. गाण्यात 'मी' म्हणावं लागतं."

मी जन्मभर सरकारी पत्रांत 'मी'ऐवजी 'निम्नस्वाक्षरीकार' लिहीत आलो. मला ते पटायला वेळ लागला.

एकदा गिटारची तार तुटली. इथे ती कुठे मिळणार? सर तेलगाव रोडवरच्या सलीमभाईंकडे गेले. ते मोटारसायकली दुरुस्त करतात. त्यांनी गिटार उलटसुलट करून पाहिली. "क्लचची तार टाकतो, मास्तर. जन्मात तुटायची न्हाई. सुराचं तुमी बघा."

पुढे सरांनी विजेवरची गिटार आणली, साथीला लग्नाच्या बँडमधला ड्रमवाला घेतला. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला बोलावणं आलं. कार्यकर्ता म्हणाला, गाण्यात दादांचं नाव घ्या. सर म्हणाले, गाण्यात मी माझ्या गुन्ह्याची कबुली दिलीय.

कार्यकर्ता विचारात पडला. "मग ऱ्हाऊ द्या नाव."

स्पीकर इतके मोठे होते की एक शब्द कळला नाही. सर कबुली देत होते आणि गाव नाचत होतं. त्यांना ते फार लागलं. ड्रमवाला गेला, विजेची गिटारही गेली.

गेल्या रविवारी सर पुन्हा साधी गिटार घेऊन बसले. सुरुवात होताना अण्णा आले आणि दाराशी, चपलांजवळच्या खुर्चीवर बसले. सरांनी पाहिलं. आवाज जेमतेम फुटला.

"लेक तुझी, रडणं तुझं, नाव माझं छापून आलं..."

गाणं संपलं. बंडूशेठ 'बरं हाय' एवढंच म्हणाला. बाकीच्यांनी नुसत्या माना हलवल्या. माझी पाळी आली तसा सवयीनं मी घसा साफ केला. मग लक्षात आलं, अण्णा माझ्याहून वडील. मी मागे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं. सर मात्र गिटारकडेच बघत होते.

 अण्णा उठले, खुर्ची उचलली आणि सरांच्या पुढ्यात आणून ठेवली.

"मागं नीट आयकू आलं न्हाई," ते म्हणाले. "पुन्यांदा म्हण."