भोंगा झाला आणि सभा उठली

मळीचा आंबूस वास आला की नगरकडच्या आमच्या साखर कारखान्यातलं ते भाषण आठवतं. पहिली पाळी संपत आली असताना आम्हाला हॉलमध्ये बसवलं होतं. पुण्याहून आलेले प्रेरणादायी वक्ते घामाघूम होऊन सांगत होते, "ज्यांना आयुष्य बदलायचंय, त्यांनी आत्ता उभं राहा." कोणी हललं नाही. शेजारचा फिटर पुटपुटला, "उठून कुटं जायचं, पंखा तर हितंच लागतोय." तेवढ्यात सुटीचा भोंगा झाला आणि अख्खा हॉल एकदम उभा राहिला. वक्त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांच्या माणसाने पटकन फोटो काढला. आता मी निवृत्त आहे, पण त्यांच्या जाहिरातीत तो फोटो अजून दिसतो. पुढच्याच रांगेत मी आहे, डोळ्यांत चमक आणि हातात रिकामा डबा.