वाचणाऱ्या भावाला नमस्कार

लोकांची पत्रं वाचणं हा एके काळी माझा धंदा होता. चोरून नाय, सरकारी पगारावर. निजामाचं राज्य, कचेरीची भाषा उर्दू, आणि औरंगाबादच्या आसपासची निम्मी माणसं पत्रं लिहायची मराठीत. आमच्या पोलिसांतल्या अमीनसाहेबांना, म्हणजे फौजदारांना, मराठीचं एक अक्षर लागत नव्हतं. म्हणून मराठी वाचून उर्दूत तर्जुमा करून देणारा कुणीतरी हवा होता. मी अजिंठ्याला मामूंच्या घरी वाढलो, तिथल्या शाळेत मराठी शिकलो, मोडीही यायची. झालं, मुन्शी म्हणून चिकटलो.

लाज वाटत नव्हती का, असं आता नातवंडं विचारतात. खरं सांगतो, सुरुवातीला मजा वाटायची. छावणीत एका खोलीत मी एकटा राहायचो. अम्मा-अब्बा गेलेले, मामूंशी बिनसलेलं, ठरलेलं लग्न मोडलेलं. मला स्वतःला कुणाची चिठ्ठी येत नसे. दिवसभर दुसऱ्यांच्या घरची बाळंतपणं, रुसवेफुगवे, लोणच्याच्या फर्माइशी वाचायच्या आणि खोलीवर येऊन एकट्यानं भाकरी खायची. कुणाची सून माहेरी निघून गेली ते मला ठाऊक असायचं, पण रस्त्यात भेटल्यावर विचारायची सोय नव्हती. मला बघितलं की पानाच्या टपरीवरसुद्धा बोलणं थांबायचं. लई एकटा पडलो होतो मी, आणि ते कबूल करायला मला फार वर्षं लागली.

पडेगावच्या एका बाईची कार्डं माझ्या टेबलावर यायची. तिचा नवरा शाळामास्तर. परवानगीशिवाय सभा नाही, छापणं नाही, असा हुकूम असताना या गड्यानं हातानं लिहिलेलं वर्तमानपत्र शाळेच्या भिंतीवर चिकटवलं. वॉरंट निघालं तसा तो सरहद्द ओलांडून मनमाडला गेला. ती इंग्रजांची हद्द, तिथं आमचा हात पोचत नव्हता. इकडं पाऊल टाकलं की तुरुंग, हे त्याला माहीत होतं आणि बायकोलाही. त्यामुळं तिच्या कार्डात कायम 'इकडील सर्व खुशाल'. पोरगी रांगते, पोरगी भिंत धरून उभी राहते, मामंजींचा खोकला बरा आहे. आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात एक ओळ: 'मधी वाचणाऱ्या भावाला नमस्कार.'

टोमणा होता तो. न कळायला मी काय खुळा होतो? पण टपालानं मला आलेला तेवढा एकच नमस्कार. तर्जुम्यात मी ती ओळ गाळली. पुढच्या कार्डात पुन्हा नमस्कार, मी पुन्हा गाळला. एकदा तिनं लिहिलं, 'हल्ली कार्डं उशिरा पोचतात, भाऊ आजारी तर नाहीत ना?' मी खरंच आठवडाभर तापानं पडलो होतो आणि पाणी विचारायलाही कुणी फिरकलं नव्हतं. कचेरीत तोंडावर रुमाल धरून मी खोकल्याचं सोंग केलं, कारण डोळे भरून आले होते.

मग बाईनं मला जोखून बघितलं. 'तुमचे दोस्त परवा जेवून गेले,' असं एकदा लिहिलं; असल्या दोस्तांच्या मागावर आमचे पोलीस होतेच. मी ते गाळलं. दोस्तांची चौकशी करायला पडेगावात कुणीच गेलं नाही, तेव्हा तिला काय समजायचं ते समजलं.

त्यानंतर महिनाभरानं हैदराबादहून हुकूम आला: मुन्शीनं तपासलेली कार्डं दुसरा मराठी जाणणारा पुन्हा वाचणार. म्हणजे गाळणं बंद. त्याच आठवड्यात तिचं कार्ड आलं. वर नेहमीची खुशाली, आणि खालच्या कोपऱ्यात दाटीवाटीनं लिहिलेलं: 'सोमवारी पोरीला वेरूळच्या देवळात नेते. लांबून बघून जा. भाऊ, एवढं जाऊ द्या.'

वेरूळ आमच्याच हद्दीत. ही ओळ दुसऱ्यानं वाचली असती तर सोमवारी देवळात नुसते साध्या कपड्यातले शिपाई दिसले असते. कार्ड दाबून ठेवावं तर रजिस्टरात त्याचा नंबर पडलेला. शाई सांडावी तर डाग कशाचा, हा सवाल. टपालाच्या थैल्यांत कार्डं फाटतातच, असा विचार करून मी तेवढा कोपरा फाडला आणि शेरवानीच्या खिशात टाकला. उरलेल्याचा तर्जुमा केला: सर्व खुशाल. त्या दिवशी मी घरी जाताना शेवया घेतल्या. वाटलं, आयुष्यात कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

शनिवारी मास्तर पकडला गेला. वेरूळला नाही, पडेगावात, स्वतःच्या दारात, भर दुपारी. त्याच्या खिशात सापडलेलं कार्ड अमीनसाहेबांनी माझ्यापुढं टाकलं.

"पढो मियाँ. इसमें ऐसा क्या लिखा है कि सीधा घर को चला आया?"

मी वाचलं. सर्व खुशाल. पोरगी चार पावलं चालली. तेवढ्यात मास्तरला धरून आणणारा हवालदार, पडेगावकडचाच मराठा गडी, बोलला, "लिवलेलं कशाला वाचता, मुन्शीजी? कोपरा बघा की. आमच्यात मौतीचं कार्ड असंच धाडतेत, कोपरा फाडून."

असली कार्डं माझ्या हाताखालून कितीतरी गेली होती. मी अक्षरं वाचत होतो. कोपरा कधी बघितलाच नव्हता. आमच्या घरात ही रीत नव्हती आणि शेजारी बसून सांगेल असं माणूस मला नव्हतं.

"मी इचारलं त्याला," हवालदार सांगत होता. "म्हणलं, सगळं खुशाल लिवलंय, मग आलास कशाला? तर म्हणतो, लिवलेल्यावर कोण इसवास ठेवतं, मधी वाचणारे बसलेत. कोपरा तेवढा खरा वाटला. पोरगी गेली म्हणून आला हो तो. पोरगी अंगणात खेळत होती. उचलून घेतली, बापाला हाका मारल्या, म्हातारा पण जिता. मग ओट्यावर बसून हसाय लागला. तसाच धरला."

मी खिशात हात घातला तर कोपरा अजून तिथंच होता.

बाईला कळलं असणार. कार्ड तिनं धड पाठवलं होतं, आणि फाटला तो नेमका तोच कोपरा. मीच सापळा लावला, असंच ती समजली असेल. तसं नव्हतं, हे मी तिला कसं सांगणार? सगळ्या तालुक्याची पत्रं मी वाचत होतो आणि त्यातल्या एकालाही लिहायची मुभा मला नव्हती. पडेगावच्या रस्त्यानं दोनदा गेलो, दोन्ही वेळा वेशीवरून परत फिरलो. भ्यालो, दुसरं काय.

तुरुंगातल्या कैद्यांची पत्रंही माझ्याच टेबलावर यायची. पंधरा दिवसांनी तिचं कार्ड आलं, मास्तरच्या नावानं. मी आधी चारी कोपरे बघितले. मग वाचलं. पोरगी आता न धरता चालते. मामंजींनी जेवण कमी केलंय. प्रकृतीस जपावे. खाली नमस्काराची बोटभर जागा कोरी होती. मी कार्ड उलटून बघितलं, उजेडात धरून बघितलं.

मग दौत पुढं ओढली आणि पूर्ण तर्जुमा केला. त्यात माझ्यासाठी गाळायचं काही नव्हतं.